उमरोळीच्या तुसाचे दिव्य

शके एक हजार नऊशे नऊ, प्रभवनाम संवत्सरे, मार्गशीर्षमासी, पालघर प्रांती, मौजे उमरोळी येथे, कापणी होऊन मोकळ्या जाहलेल्या भातखाचराचे मैदानावर बोईसरकर आणि मासवणकर या उभयतां मुलींच्या सॉफ्टबॉलच्या फौजांत जे तुंबळ जाहले, त्याची हकीकत सांगणारे बहुत आणि खरी सांगणारा एक, ऐसा प्रकार आहे. कोणी म्हणतो सामना कोंबडीने जिंकला, कोणी म्हणतो पंचास ऊन लागले होते, आणि जो मैदानावर नव्हताच तो सर्वांत जास्ती बोलतो. सबब आम्ही एकनाथ, गुणलेखक, सदर दिवशी तीन पायांचे खुर्चीवर बसोन, चौथा पाय आपलाच समजोन, सकाळी नऊपासून दुपारी साडेतीनपर्यंत एक कप चहावर जे डोळ्यांनी पाहिले ते लिहोन ठेवितो. चहा थंड होता, हेही लिहोन ठेवितो.

प्रथम खेळाचा कायदा सांगणे जरूर, नाहीतर वाचणारा म्हणेल की इतका दंगा कशासाठी. चेंडू मोठ्या मोसंब्याएवढा. नाव सॉफ्ट, परंतु बरगडीस बसला तर सॉफ्टपणा कोठे दिसत नाही. तो फेकणारीस पिचर म्हणतात आणि ती मैदानाचे मध्ये एका पट्टीवर उभी राहते. ही पट्टी म्हणजे या खेळाचे तख्त. उमरोळीचे तख्त म्हणजे कारखान्यातून मागून आणिलेला रबरी पट्ट्याचा हातभर तुकडा, दोन बाजूंस खिळे ठोकोन बसविलेला. पिचरने दोन्ही पाय तख्तावर ठेवावे, चेंडू दोन्ही हातांत धरोन क्षणभर स्तब्ध राहावे, मग हात रहाटासारखा एकदाच फिरवोन कमरेखालून चेंडू सोडावा. आणि मुख्य कलम हे की, एक पाय पुढे टाकिताना मागला पाय जमीन सोडता कामा नये. तो घासत, ओढत आणावा. मागला पाय उचलोन उडी घेतली की फेक गैरकायदा. तिला मुली, मास्तर, भेळवाला, सर्व दुनिया 'इल्लीगल' म्हणते, म्हणोन आम्हीही तेच म्हणतो. इल्लीगल जाहली की पंच डावा हात आडवा करितो, फलंदाजास एक चेंडू बक्षीस मिळतो, आणि बेसांवर, ज्यांस आम्ही चौक्या म्हणू, उभ्या असलेल्या गनिमाच्या पोरी न धावता एकेक चौकी पुढे सरकतात. ऐसा फुकटाचा मुलूख दुसऱ्या कोणत्याही युद्धात मिळत नाही.

आता फौजा. बोईसरकर कारखान्यांचे वसाहतीतून कूच करोन खास बसने आले. पंधरा मुली, सर्वांस पांढरे कॅनव्हासचे बूट, डोईस टोप्या, आणि लिंबू सरबताचे पिंप, ज्यातले आम्हांस कोणी विचारिले नाही. त्यांचे सेनापती राजश्री चंद्रभान, एरवी कारखान्यात सुपरवायझर आणि सुटीचे दिवशी कोच, गळ्यात शिट्टी, मुखी हिंदुस्थानी भाषा, आणि आवाज ऐसा की खाचरातले बगळे सकाळीच उठोन केळव्याकडे गेले ते परत आले नाहीत. त्यांची पिचर पुष्पलता, तारापूरच्या कोळीवाड्यातली, बापाची होडी वाळूवर ओढून दंड कमावलेली, वसाहतीकडील शाळेत दहावीत. पोरगी गुणी होती. आम्ही शत्रूसही शाबासकी देतो. चंद्रभानास मात्र देत नाही.

मासवणकर एस.टी.ने पालघरास उतरले आणि तेथोन पायी दरमजल करीत उमरोळीस दाखल जाहले. मुली नऊ, बूट शून्य. दहावी मुलगी आठ दिवसांपूर्वी आईबापांसवे वीटभट्टीवर गेलेली, तेव्हा राखीव फौज नाही. एकीस ठेच लागली तर आठ. त्यांची पिचर जिवली, डोंगराकडील पाड्यावरची, नववीत, अंगाने काटकी, बोलणे मोजके. ही विद्या ती कोणा उस्तादापाशी शिकली नव्हती. लावणीच्या दिवसांत रोपांच्या मुठी बांधतात आणि चिखलात उभे राहोन त्या लावणाऱ्या बायांकडे फेकतात, खालून हात, नेमका झोका, आणि वाकलेल्या बाईने मान न उचलता हात मागे केला की मूठ हाताशी. जिवली सातव्या वर्षापासून हेच करीत आलेली. तिचा चेंडू ऐसा जाई की गनिमाच्या पोरीने बॅट उचलावी, फिरवावी, आणि मागे पाहावे तो चेंडू झेलणारीचे हातात केव्हाचा स्वस्थ बसलेला.

परंतु त्या दिवशी पणास लागली होती ती ढाल नव्हे. ढाल पत्र्याची होती आणि तिजवर मागल्या वर्षीचे कबड्डीचे नाव खरवडोन तसेच राहिले होते. खरी गोष्ट निराळी. ठाण्याहून जिल्ह्याच्या निवडकर्त्या नर्मदाबाई छत्री उघडोन बसल्या होत्या, आणि त्यांनी सकाळीच जाहीर केले की, जिल्ह्याच्या फौजेत पिचरची एकच जागा शिल्लक आहे, ती या दोघींपैकी जी जिंकेल तिची. मात्र जिची फेक तीन वेळा इल्लीगल निघेल तिचे नाव मी खोडीन, मग ती कितीही जिंको. आणि पलीकडे बांधावर जिवलीचा बाप नवशा बसला होता, शेजारी गाठोडे. भट्टीचा ट्रक पाच वाजता पालघरच्या नाक्यावरून सुटणार, बायको आणि लहानगी तेथे आधीच पोचलेली. नवशाने पोरीस सांगितले होते की, जिल्ह्यात नाव लागले तर शिबिर पालघरास आहे, तू उमरोळीत आत्याकडे राहा आणि शाळा पुरी कर. नाही लागले तर सामना संपल्याबरोबर माझेसवे चल, विटा उचलायला हात पाहिजेत. गाठोड्यात जिवलीची गोधडीही बांधलेली होती. त्या बापावर आम्ही रागावलो नाही. पाऊस संपला की त्यांचे पाड्यावर पोटास काही उरत नाही, हे आम्हांस कागदावरून नव्हे, डोळ्यांनी ठाऊक आहे.

न्यायाधीश एकच, राजमान्य कमलाकांत मास्तर, पालघरचे, ड्रॉइंग शिकविणारे. दुसरा पंच मेहुण्याचे लग्नास गेला होता. मास्तर परम प्रामाणिक, कायद्याचे पुस्तक मुखोद्गत, त्या पुस्तकास वर्तमानपत्राचे वेष्टण, आणि स्वभाव ऐसा की बाजारात भेंडी घेताना चूक होईल म्हणोन अर्धा तास उभे राहतील. आता कायदा म्हणतो चेंडूवर नजर ठेवा, आणि कायदाच म्हणतो पायावर नजर ठेवा. दोन्ही एकाच पळात. मास्तरांनी सकाळीच हळू आवाजात आम्हांस सांगितले की, अहो एकनाथराव, पाय दिसतो तेव्हा चेंडू गेलेला असतो आणि चेंडू पाहावा तर पाय होऊन गेलेला असतो, माझी झोप उडाली आहे. आम्ही धीर दिला आणि चहाचे विचारिले. चहाचे त्यांनी ऐकले नाही.

मग युद्धास तोंड लागले. दोन डाव बरोबरीत गेले, दोन्हीकडे दोन-दोन धावा. तिसऱ्या डावी बोईसरच्या दोघी दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकीवर ठाण मांडून बसल्या आणि जिवली तख्तावर उभी राहिली. चंद्रभानाने पहिल्या चेंडूपासून एकच घोषा लाविला होता, "इल्लीगल है साब! पैर देखो, पैर!" आणि मास्तरांनी शेवटी चेंडू सोडोन पायाकडे पाहिले, आणि हाय हाय, मागला पाय तख्तावरून वीतभर उचललेला, हवेत! मास्तरांचा डावा हात आडवा गेला. तिसऱ्या चौकीवरील पोर रमतगमत घरी, म्हणजे शेवटल्या चौकीवर, आली. एक धाव. जिवली गांगरली, पुन्हा फेकिला, पुन्हा पाय हवेत, पुन्हा हात आडवा, दुसरीही घरी. बोईसरकर चार, मासवणकर दोन, जिवलीचे नावापुढे इल्लीगल दोन. तिसरी जाहली की कारभार आटोपला. नर्मदाबाईंनी पेन्सिल कानामागून काढोन हातात घेतली.

बांधावर नवशा उठोन उभा राहिला आणि गाठोड्याची गाठ घट्ट करू लागला.

येथे रणांगणावर एक नवी व्यक्ती दाखल जाहली. जिवलीची आत्या कमळी, उमरोळीत दिलेली. तिचे घर खाचराचे कडेसच, दारी तुसाचा ढीग आणि सात कोंबड्या. सकाळपासून उंबऱ्यात बसोन ती पाहत होती. ती पदर खोवोन सरळ मैदानाचे मध्ये आली, आणि लष्करी रीतीप्रमाणे प्रथम परवानगी मागावी ती मागितली नाही.

"काय केला रं माझे पोरीनं?" तिने मास्तरांस विचारिले.

मास्तर म्हणाले की, बाई, मागला पाय उचलते, उडी होते, ते चालत नाही.

तेव्हा जिवली, जी सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती, ती एकदम म्हणाली, "उडी नाय मारली, सर. पाय काढला."

"काढला म्हणजे कोठून?" मास्तरांनी विचारिले.

"चिखलातून," जिवली म्हणाली, आणि खाली कोरड्या ठणठणीत जमिनीकडे पाहोन आपणच खजील जाहली.

मग सर्वांचे डोक्यात उजेड पडला. गुडघाभर चिखलात उभे राहोन जी मूठ फेकिते ती आधी मागला पाय उपटोन काढिते, नाहीतर पाय रुतोन माणूस तोंडावर पडते. सात वर्षे हेच केल्यावर पायास काय ठाऊक की आता मार्गशीर्ष लागला आणि खाचर वाळले! पाय आपला पावसाळ्यातच. आम्हांस या जागी हसू आले, परंतु ते टिकले नाही, कारण चुकीचे कारण सापडले म्हणोन कलम बदलत नाही, आणि मास्तरांचे तोंड पाहता त्यांसही हेच दिसत होते.

परंतु कमळी हात टेकणाऱ्यांतली नव्हे. ती घरी गेली, टोपलीभर तूस घेऊन आली, आणि तख्तापुढे दोन हात जागेत पसरोन मोकळी जाहली. मग भाचीस म्हणाली, "ह्या भात समज. उन्हात वालत घातलाय. पायानं कसा फिरवतं? तसा फिरव."

ज्यास ठाऊक नाही त्याकरिता लिहितो. आमचेकडे भात अंगणात वाळत घालतात तेव्हा वरखाली करावयास कोणी वाकत नाही. बाया पाय न उचलता भातातून घासत चालतात, मागे चर पडत जातो आणि खालचा दाणा वर येतो. पाय उचलिला तर दाणा फिरत नाही आणि सासू बोलते. हे कामही जिवलीचे पायास पाठ होते. त्यास फक्त कोणी आठवण दिली नव्हती. तिने चेंडूवाचून एकदा हात फिरविला, आणि मागला पाय तुसातून सळसळ करीत आला, मागे चर, अखंड, जैसी मास्तरांनी पट्टीने रेघ ओढावी.

चंद्रभान कडाडला, "ये क्या है साब? ग्राउंड पे भूसा? रूल में कहाँ है?"

मास्तरांनी पुस्तक काढिले, चष्मा पुसला, आणि सर्व लष्कर उन्हात उभे असता पहिल्या पानापासून वाचू लागले. पुस्तकात धातूचे खिळे होते, राळ होती, थुंकी होती, चेंडूस काय लावावे आणि काय नाही ते सर्व होते, परंतु तूस नव्हते. मग मास्तरांनी पुस्तक मिटले, आणि आम्ही त्यांस पस्तीस वर्षे ओळखतो, त्यांचे मुखावर ऐसे समाधान कधी पाहिले नव्हते. त्यांस नजर दोनदोन जागी ठेवण्यापासून सुटका सापडली होती! पाय काय करितो ते आता तूस सांगेल. त्यांनी फर्मान केले की, तूस दोन्ही फौजांस लागू. चर अखंड तर फेक कायदेशीर, चर मध्ये तुटला तर इल्लीगल. प्रत्येक तकरारीस चर पाहून निवाडा होईल. जुन्या काळी खऱ्याखोट्याचा उलगडा साक्षीने होईना तेव्हा दिव्य करीत, तापलेल्या तेलात हात घालीत आणि भाजला तो खोटा ठरे. त्या मानाने तूस दयाळू. नर्मदाबाईंनी मान डोलावली, आम्ही महजर म्हणजे निवाड्याचा करारनामा वहीचे मागले पानावर लिहिला, आणि चंद्रभानाने त्यावर सही केली, कारण त्याची खातरजमा होती की यात फसणार ती मासवणचीच.

अहो, काय सांगावे! पाचव्या डावी मासवणच्या दोघी तशाच दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकीवर, आणि पुष्पलतेने फेक केली ती डौलात, चित्रात काढावी ऐसी. नवीन महजराचे उत्साहात मास्तर स्वतः तुसापाशी जाऊन ओणवे जाहले. तख्तापाशी थोडा चर, मग वीतभर कोरे तूस, मग बुटाचा ठसा. हात आडवा. पुन्हा फेक, पुन्हा तेच, पुन्हा हात आडवा. दोन धावा फुकटात घरी. चार-चार, आणि दोघींचे नावापुढे दोन-दोन. चंद्रभानाचे तोंडचे पाणी पळाले. सकाळपासून दुसऱ्याचा पाय मोजणाऱ्याने आपला पाय एकदाही पाहिला नव्हता, आणि हे आम्ही त्यास ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वहीत लिहिले.

पुष्पलता मात्र रडली नाही. तिने खाली बसोन बूट काढिले, सेनापतीचे पायापाशी नेऊन ठेविले, आणि म्हणाली, "सर, पाय बूटच उचलतंय, मी नाय." मग ती अनवाणी तख्तावर गेली आणि त्यानंतर तिचा एकही चर तुटला नाही. वाळूवर होडी ओढणाऱ्या पायास ओढणे काय शिकवावे! आम्ही मनात म्हटले, देवा, जागा एक आणि पोरी दोन, तुला हिशेब येत नाही. परंतु देवास बोलोन उपयोग नसतो, तो मैदानावर येत नाही.

सहाव्या डावी मासवणने एक धाव खरोखरीची, धावोन केली. पाच-चार. मग सातवा डाव, शेवटला, बोईसरची बॅट. दोघी बाद जाहल्या, तिसरी बाद होताच डाव संपणार, एक तिसऱ्या चौकीवर पोचली, आणि फलंदाजीस उभी राहिली पुष्पलता. गणित दुधखुळ्यासही कळेल ऐसे. ही चुकली तर मासवणची फत्ते आणि जिवलीची जागा. जिवलीची फेक इल्लीगल ठरली तर चौकीवरील पोर फुकट घरी, बरोबरी, आणि जिवलीचे नाव खोडले. नवशा गाठोडे काखेस मारोन रेघेपाशी येऊन उभा होता. सूर्य कलला होता, ट्रक पाचला सुटणार होता.

पहिले दोन चेंडू पुष्पलतेस लागले नाहीत, तिसरा चुकला की बाद. तेव्हा चंद्रभान पुढे आला आणि त्याने अखेरची तकरार मांडली. तख्तावर लाल डाग होता. "साब, प्लेट पे खून लगा है. पैर फिसलेगा. साफ कराओ, लड़की का पैर भी धुलवाओ." खरोखरच, चार डाव अनवाणी पाय घासोन जिवलीचे अंगठ्याची साल गेली होती आणि ती पोर चकार शब्द बोलली नव्हती. मास्तरांनी तकरार मंजूर केली. कमळीने तांब्या आणोन पाय धुतला, पदराने टिपला, मास्तरांनी आपल्या रुमालाने तख्त पुसले, तुसावरून हात फिरवोन ते सारखे केले. सर्व स्वच्छ. हे वाचणाराने ध्यानात ठेवावे.

जिवली उभी राहिली. चेंडू दोन्ही हातांत. क्षणभर स्तब्ध. मग हात फिरला, आणि पुष्पलतेने बॅट फिरविली ती वाऱ्यात, चेंडू मागे जाऊन झेलणारीचे हातात बसला, आणि त्याच पळात कमळीची तांबडी कोंबडी, जी सकाळपासून त्या तुसावर डोळा ठेवोन होती, ती पंख पसरोन मैदानात शिरली आणि चराचे मधोमध उभी राहोन दोन्ही पायांनी तूस उकरू लागली, फरफर, फरफर!

"हुश्! हुश्!" सर्व धावले. कोंबडी गेली. चराचे दोन तुकडे उरले होते आणि मध्ये कोंबडीचे कारस्थान.

"टूटा है साब! बीच में टूटा है!" चंद्रभान.

"कोंबडीनं तोडला!" मासवणच्या नऊही.

"पहले से टूटा था! मुर्गी का क्या भरोसा?"

मास्तर तुसापाशी उभे. त्यांनी चेंडू पाहिला होता, पाय पाहिला नव्हता. तूस सांगेल म्हणोन दिवसभर निश्चिंत राहिले आणि आता तूस मुके जाहले. त्यांचा डावा हात हळूहळू उठू लागला, कमरेपर्यंत आला. आणि येथे आम्हांस एक गोष्ट कबूल करणे आहे. तो हात पाहोन आमची लेखणी जिवलीचे नावापुढे, तिसऱ्या इल्लीगलच्या रकान्यात, आपोआप टेकली. तिचे एक टिंब उमटले. आम्ही भ्यालो होतो, दुसरे कारण नाही.

तेव्हा कमळी ओरडली, आणि तो आवाज आमचे कानात अजून आहे. "आरं, कोंबडीला काय इचारता? पोरीचे पायाला इचारा ना!"

मास्तरांचा हात थांबला. मग त्यांनी तो खाली घेतला, पुस्तक आमचेकडे दिले, आणि काय केले म्हणता? इस्त्रीची पांढरी पँट घातलेले पालघरचे मास्तर, ज्यांचे घरी पाहुण्यासही पाय धुतल्याशिवाय आत घेत नाहीत, ते भर मैदानात एक गुडघा टेकोन बसले आणि जिवलीस म्हणाले, "बाळ, पाय दे." पोर मागे सरली. मास्तर पुन्हा म्हणाले, "दे." मग त्यांनी तिचा उजवा पाय दोन्ही हातांनी उचलोन आपल्या मांडीवर ठेविला आणि चष्मा कपाळावर करोन पाहू लागले. ऐसा देखावा आम्ही या तालुक्यात पूर्वी पाहिला नव्हता, आणि पुढे पाहू याची खात्री नाही.

सर्व फौजा भोवती वाकल्या. पाय उचलला असता तर तूस तळव्यास लागते. तळवा जवळपास स्वच्छ. परंतु अंगठा वरून, नखापासून पेरापर्यंत, पुन्हा सोललेला, आणि त्या ओल्या जखमेत तूस एका दिशेने, मागे, दाट बसलेले, बारीक बारीक, एकाशेजारी एक. पाय आत्ताच धुतला होता. तख्त आत्ताच पुसले होते. आणि ते कोणाचे मागणीवरून, हे मास्तरांनी मान वर करोन, चंद्रभानाकडे पाहोन, एक शब्द न बोलता विचारिले.

चंद्रभान वाकला. त्याने त्या अंगठ्याकडे बराच वेळ पाहिले. मग गळ्यातली शिट्टी काढोन खिशात टाकिली आणि इतका हळू बोलला की हा तोच माणूस काय ऐसा संशय आला. "घसीटा है, साब. पूरा घसीटा है. बच्ची को दवा लगाओ." त्या एका वाक्यासाठी आम्ही त्यास सकाळपासूनचे सर्व माफ केले, सरबत सोडून.

"कायदेशीर!" मास्तर गुडघ्यावरूनच ओरडले, "आणि फलंदाज बाद!" पुष्पलतेने बॅट खाली ठेविली, जिवलीपाशी आली, आणि तिचे कानात काही बोलली. काय ते आम्हांस ऐकू आले नाही आणि नंतर विचारिले तरी दोघींनी सांगितले नाही. मासवणच्या पोरींनी तुसाच्या मुठी उधळल्या, त्या सर्व आमचे वहीवर पडल्या.

नर्मदाबाईंनी जिल्ह्याचा अर्ज काढिला, नाव घातले, आणि पालकाची सही मागितली. नवशा पुढे आला, शाईत बोट बुडवोन निशाणी केली, ती नीट उमटली काय ते दोनदा वाकोन पाहिले आणि विचारिले, "पोर ऱ्हाते ना मंग?" बाई म्हणाल्या, राहते. मग तो खाली बसला, त्याने सकाळपासून आवळलेली गाठ दातांनी सोडिली, गाठोड्यातून जिवलीची गोधडी आणि एक जर्मनची ताटली काढिली, कमळीचे हाती दिली, आणि गाठोडे पुन्हा बांधले. ते आता लहान जाहले होते. पोरीस म्हणाला, "पायाला हलद लाव," आणि बांधावरून पालघरचे वाटेस लागला. वळणापर्यंत त्याने मागे पाहिले नाही. वळणावर पाहिले. जिवली एका पायावर उभी होती, तिने हात केला. आम्ही रडलो. कोणी म्हणेल डोळ्यांत तूस गेले असेल. गेले नव्हते, रडलो.

येणेप्रमाणे उमरोळीचे मैदानी मासवणकरांची फत्ते जाहली, धावा पाच, बोईसरकर चार. पकडलेले कैदी नाहीत. जखमी एक, तिजवर हळद व कारखान्याच्या पेटीतील मलम, दोन्ही लाविले. कोंबडीस माफी दिली. पंच कमलाकांत मास्तर यांची पँट धुवोन गुडघ्यावरील डाग गेला नाही, आणि ते तीच घालोन शाळेत जातात. आता जी मूळ गुणपत्रिका दप्तरी आहे तिजविषयी इतकेच नमूद करणे की, जिवली नवशा हिचे नावापुढे इल्लीगलचे रकान्यात दोन खुणा आहेत, त्या खऱ्या. तिसऱ्या जागी एक टिंब आहे. ते टिंब पंचाचे नव्हे, ते आमचे भीतीचे आहे. पुढे कोणी कागद उघडील त्याने ते मोजू नये. ऊन उतरता, उमरोळी मुक्कामी, तीन पायांचे खुर्चीवर बसोन लिहिले आणि पुरे केले.